संशयाची वाटणी : रहस्यकथेचे चाहते आणि न्यायाचा प्रश्न

१

सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांच्या वाचकांमध्ये एक वाद फार दिवसांपासून चालू आहे. या वादाला परिसंवादाचे व्यासपीठ लाभले नाही आणि वाङ्मयेतिहासानेही त्याची फारशी दखल घेतली नाही. बसस्थानकावरील पुस्तकांच्या दुकानापाशी, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या लहानशा वाचनालयांत तो वाढला. चाहते ज्याला 'सुशि' या लाडक्या नावाने ओळखतात तो लेखक खरा कोणता, हा त्या वादाचा विषय आहे. दारा बुलंद, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास या नायकांच्या मालिका लिहिणारा रहस्यकथाकार हा खरा शिरवळकर, की १९८२ मध्ये आलेल्या 'दुनियादारी'चा कादंबरीकार?

स्थूलमानाने या वादात तीन पक्ष दिसतात. पहिल्या पक्षाच्या मते शिरवळकरांची अस्सल शक्ती रहस्यकथेत आहे. प्रसंगांचा वेग, संवादांची तिरकस धार आणि पानागणिक वाढत जाणारी उत्कंठा ही तिची लक्षणे असून सामाजिक कादंबरीत हीच शक्ती भावुकतेत विरते, असे हा पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षाला रहस्यकथा ही उमेदवारी वाटते. लेखकाने हात बसवून घेतला तो तेथे. मनातले सांगितले ते 'दुनियादारी'त, अशी त्याची मांडणी असते. तिसरा पक्ष संख्येने लहान आहे. लेखक एकच आहे, आणि धड गुन्हेकथा नसलेली व धड सामाजिकही नसलेली 'समांतर' ही या एकत्वाची साक्ष आहे, असे तो म्हणतो. २०१३ मध्ये संजय जाधव यांनी दिग्दर्शित केलेला 'दुनियादारी' हा चित्रपट आला आणि २०२० मध्ये 'समांतर'वर आधारलेली वेबमालिका आली. त्यानंतर या वादाचे पारडे हलले. नव्या पिढीला शिरवळकर प्रामुख्याने या दोन नावांनी ठाऊक झाले. मालिकांचे नायक पिवळ्या पडलेल्या प्रतींत मागे राहिले. जुन्या चाहत्यांना हा अन्याय वाटतो. 'अन्याय' हा शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण निव्वळ अभिरुचीच्या मतभेदात तो सहसा येत नाही.

मराठी समीक्षेने या वादाकडे दोन रीतींनी पाठ फिरवली आहे. 'रंजनपर वाङ्मय' या एका खणात सारेच टाकून देणे ही पहिली रीत. दुसरी रीत सौजन्याची असली तरी परिणामी तीही तशीच: रहस्यकथाकाराने सामाजिक कादंबरी लिहिली की तो 'वर' चढला असे समजून त्याचे स्वागत करणे. या दुसऱ्या रीतीत वाङ्मयप्रकारांची एक शिडी गृहीत धरलेली असते. अशी शिडी मराठीनेच उभारली असे नव्हे. ग्रॅहम ग्रीनने आपल्या काही पुस्तकांना 'रंजनकथा' असे वेगळे नाव स्वतःच दिले होते आणि पुढे ते त्यानेच मागे घेतले. जॉर्ज सिमेननच्या लेखनातही पोलीस अधिकारी मेग्रेच्या कथा आणि लेखकाने 'कठोर' मानलेल्या कादंबऱ्या अशी फाळणी रूढ झाली. आपल्या लेखनाचा कोणता भाग गंभीर, हे लेखकच ठरवू पाहतो. वाचक ते निमूटपणे मान्य करीत नाहीत. समीक्षक बहुधा लेखकाची बाजू घेतात. हे चित्र सर्वत्र सारखेच दिसते.

तथापि शिडीच्या या चर्चेत मूळ प्रश्न हरवतो. एकाच लेखकाने वाङ्मयप्रकार बदलला की नेमके काय बदलते? भाषा पुष्कळदा तीच राहते, संवादांची लकब तीच राहते, माणसांविषयीचे कुतूहलही तेच राहते. बदलते ती संशयाची वाटणी. कोणावर संशय घ्यायचा, किती काळ घ्यायचा, कोणत्या पुराव्यावर तो पक्का करायचा वा सोडून द्यायचा, यासंबंधीचे संकेत प्रत्येक प्रकारात वेगळे असतात. लेखक आणि वाचक यांच्यातील तो एक अलिखित करार असतो. संशयाची वाटणी हा न्यायाच्या मुळाशी असलेला प्रश्न असल्याने चाहत्यांचा हा वाद, त्यांना तशी जाणीव असो वा नसो, नैतिक वाद ठरतो.

२

चांगली रहस्यकथा वाचकाकडून एक चूक करवून घेते. संशयाची सुई ती प्रथम भलत्याकडे वळवते. वाचक त्या माणसाचे बोलणे, त्याचा उर्मटपणा, त्याचे रात्री-अपरात्री बाहेर पडणे हे सारे मनात जुळवतो आणि मनातल्या मनात त्याला दोषी ठरवून मोकळा होतो. शेवटच्या प्रकरणात तो माणूस निर्दोष निघतो. या क्षणी वाचकाला जो आनंद होतो त्यात थोडी शरम मिसळलेली असते. आपण फसलो, एवढेच त्याला कळत नाही. एका निरपराध माणसाविषयी आपण वाईट मत करून घेतले होते, हेही कळते. रहस्यकथेचे नैतिक शिक्षण, तसे काही असेल तर, या शरमेत आहे. गुन्हेगार पकडला जातो या गोष्टीत ते फारसे नाही. वकील-नायकाची कथा याच संकेताला उलट टोकाकडून हात घालते. तेथे आरोपी आधीच पिंजऱ्यात उभा असतो आणि सर्वांची खात्री झालेली असते. त्या खात्रीचे पुन्हा संशयात रूपांतर करणे हे नायकाचे काम. बॅरिस्टर नायकाच्या कथा वाचणारा वाचक न्यायशास्त्र शिकत नाही हे खरे. पण पुराव्याआधी निकाल देऊ नये, ही एक सवय तो उसनी का होईना अंगी बाणवतो.

कायद्याबाहेर उभ्या असलेल्या नायकाचा करार अगदी निराळा आहे. दारा बुलंद याच परंपरेतला. या कथेत खलनायक कोण हे वाचकाला आरंभापासून ठाऊक असते. माणसांवरचा संशय येथे जवळजवळ संपलेला असतो आणि तो सगळा कायद्याकडे वळलेला असतो. पोलीस विकले गेलेले असतील, साक्षीदार फुटतील, न्यायालयाला उशीर होईल, म्हणून कोणीतरी हाती सत्ता घेतलीच पाहिजे. अशा कथेतली उत्कंठा 'कोणी केले' याची नसते. 'हिशेब कसा चुकता होणार' याची असते. वाचकाला येथे चुकण्याची संधीच मिळत नाही. तो पहिल्या पानापासून बरोबर असतो, आणि आपण बरोबर आहोत या सुखातच तो पुस्तक मिटतो.

'दुनियादारी' हे दोन्ही करार मोडते. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या परिसरातला कट्टा, तिथली दोस्ती, प्रेमे, मारामाऱ्या आणि दारूच्या ग्लासापाशी आयुष्याचा ताळेबंद मांडणारा एम. के. श्रोत्री या जगात दुःख भरपूर आहे. परंतु ते कोणाच्या माथी मारावे हे वाचकाला सांगितले जात नाही. आईवडिलांच्या पिढीने केलेल्या तडजोडी मुलांच्या वाट्याला येतात आणि मुले त्यांत स्वतःच्या तडजोडींची भर घालतात. दोष थोडाथोडा सर्वांत वाटला गेल्याने तो कोणा एकाच्या नावावर टाकून सुटता येत नाही. 'समांतर' आणखी पुढे जाते. आपले आयुष्य दुसऱ्या एका माणसाने आधीच जगून ठेवले आहे असे ज्याला कळते, त्याने कोणावर संशय घ्यायचा? जे घडणार ते ठरलेलेच असेल तर दोष कोणाचा आणि जबाबदारी कोणाची? येथे संशय थेट कर्तेपणावरच येतो. गुन्हेकथेचे यंत्र तेच, उत्कंठाही तीच. शोध मात्र गुन्हेगाराचा न राहता स्वतःचा होतो.

या तीन करारांमधील ताण शिरवळकरांपासून सुरू झाला असे नाही. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या एकाच लेखणीतून धनंजय हा गुन्ह्यांचा छडा लावणारा नायक आणि झुंजार व काळापहाड हे कायद्याबाहेर राहून दुष्टांना शासन करणारे नायक निर्माण झाले. उर्दूत इब्ने सफींनी १९५२ मध्ये अलाहाबादेत 'जासूसी दुनिया' सुरू केली आणि १९५५ पासून 'इम्रान' मालिका लिहिली. फरीदी श्रेष्ठ की इम्रान, हा तेथील वाचकांचा आवडता वाद. फरीदी कायद्याशी कठोरपणे बांधलेला, तर इम्रान चारचौघांत खुळा ठरवला गेलेला आणि पडद्याआड हेरखात्याची सूत्रे हलवणारा; म्हणजे हाही संशय कोणावर घ्यावा याविषयीचाच वाद. चित्रकथेतही तो होता. आबिद सुरती यांचा 'बहादूर' १९७६ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून अवतरला. या मालिकेच्या चित्रकथा मराठीतही निघत. डाकूचा मुलगा पोलिसांशी हातमिळवणी करून नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो, ही कल्पना कायदा आणि कायद्याबाहेरचा नायक या दोन टोकांमध्ये मधला मार्ग शोधत होती. नागरिकांनी स्वतःच पहारा करावा, या कल्पनेचे पुढे काय होऊ शकते हे त्या काळच्या बालवाचकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

३

हे करार पुस्तकापुरतेच राहिले असते तर प्रश्न वाङ्मयीन संकेतांपुरता मर्यादित ठरला असता. परंतु खानदेशात ते पुस्तकाबाहेर तपासून पाहावे लागतील असे दोन प्रसंग घडले. एक जळगावात, दुसरा धुळे जिल्ह्यात.

१९०६ पर्यंत एकच जिल्हा असलेला हा प्रदेश वाचनाच्या बाबतीत मागासलेला कधीच नव्हता. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ पासूनचे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर. ही झाली प्रतिष्ठित वाचनाची स्थळे. भुसावळ-जळगावच्या रेल्वे फलाटांवरून आणि एस.टी.च्या थांब्यांवरून गावोगाव गेलेल्या रहस्यकथांचे वाचनजीवन यांहून वेगळे. कपाशीच्या गाड्या जिनिंगसमोर उभ्या असताना, केळीचा ट्रक भरेपर्यंत, रात्रपाळीत पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाला ते परवडत असे आणि पुरतही असे. 'लेखकराव' झालेल्या लेखकाची चिकित्सा करणारे भालचंद्र नेमाडे हे याच मातीतले. प्रतिष्ठेच्या बाजारात लेखकाचे काय होते, याचा विचार त्यांनी केला. त्या बाजाराच्या बाहेर राहिलेल्या वाचकाचे काय होते, हा त्याच विचाराचा दुसरा अर्धा भाग होय.

१९९४ मध्ये जळगावात स्त्रियांच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले. तरुण मुलींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे काढून, त्या छायाचित्रांच्या धाकावर त्यांचे पुन्हा पुन्हा शोषण केले जात असे. आरोपींमध्ये स्थानिक राजकारणात वावरणारी माणसेही होती. राज्यभर खळबळ उडाली, तपास झाला, खटले उभे राहिले. प्रत्यक्षात फार थोड्या स्त्रिया उघडपणे साक्षीला येऊ शकल्या आणि पुढे अनेक खटल्यांत आरोपी सुटले. संशयाच्या वाटणीच्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत विदारक गोष्ट न्यायालयाबाहेर घडली. संशय आरोपींवरून सरकून शहरातल्या मुलींवर आला. जळगावची मुलगी म्हटली की सोयरिकीच्या बोलण्यात चौकशीचा सूर बदलतो, असे त्या काळी बोलले जाई. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याची पाळी आली. त्यांच्याशी दुरान्वयानेही संबंध नसलेल्या मुलीही यातून सुटल्या नाहीत.

कोणत्याही रहस्यकथेला असा शेवट करता आला नसता. वाचकांनी पैसे परत मागितले असते. ज्या वाचकाने हे पाहिले त्याला कायद्याबाहेरच्या नायकाची ओढ वाटली तर त्याला भाबडा म्हणून हिणवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. या नायकाचा कायद्यावरचा संशय कल्पनारंजनातून आलेला नसतो. साक्षीदार गप्प का राहतो, हे त्या कथांना चांगले ठाऊक असते. या अर्थाने दारा बुलंदच्या बाजूने भांडणारा चाहता वास्तवाला सोडून बोलत नाही. वास्तवाचा एक कठीण भाग तो धरून ठेवतो. 'वरच्या' वाङ्मयाला मात्र त्याचा पुष्कळदा विसर पडतो.

दुसरा प्रसंग २०१८ चा. १ जुलै रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे होते. मुले पळवणारी टोळी हिंडते आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र पसरली होती. एका लहान मुलीशी कोणी बोलल्याचे निमित्त झाले, असे सांगितले गेले. जमाव जमला, त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले आणि तेथेच मारहाणीत पाचही जणांचा अंत झाला. जे घर गावाच्या कारभाराचे, तेच त्या दिवशी वधस्थान झाले.

या जमावाने कोणती पुस्तके वाचली होती, असा प्रश्न करणे उथळपणाचे ठरेल. झुंजारच्या किंवा दारा बुलंदच्या वाचकाने कोणाला मारले नाही. आणि अफवेला रहस्यकथेची गरजही नसते. तरीही त्या दुपारची रचना ओळखीची वाटते हे नाकारता येत नाही. खलनायक आधीच ठरलेला, पोलीस दूर, हिशेब तातडीने चुकता करण्याची निकड, आणि आपण दुर्बळांचे, मुलांचे रक्षण करीत आहोत ही प्रत्येकाची मनोमन खात्री. कायद्याबाहेरच्या नायकाच्या कथेतली ही सारी सामग्री राईनपाड्यात होती. नव्हता तो फक्त नायक. म्हणजे ज्याचे ज्ञान लेखकाने हमी देऊन अचूक ठरवलेले असते असा माणूस. या कथाप्रकाराचा सारा नैतिक डोलारा या हमीवर उभा आहे. झुंजार कधी चुकत नाही, कारण त्याला लेखकाने चुकू दिलेले नाही. प्रत्यक्ष जीवनात ही हमी कोणीच देत नाही. ती वजा केली की उरते ती झुंडीची खात्री. राईनपाड्याच्या कथेला शेवटचे प्रकरण होते, पण ते उलगडण्यापूर्वीच माणसे संपली होती. ती निर्दोष होती, हे सर्वांना नंतर कळले.

येथे रहस्यकथेच्या बाजूने सहज निकाल देण्याचा मोह होईल. चुकीचा संशय घ्यायला लावून तो दुरुस्त करणारा प्रकार चांगला, आणि खात्री वाटणारा प्रकार वाईट, अशी सोपी विभागणी मनात येईल. ती टिकत नाही. वाचकाला फसवण्यासाठी रहस्यकथा ज्याच्यावर प्रथम संशय वळवते, तो माणूस कोण असतो? पुष्कळदा तो नोकर असतो, परगावचा असतो, फिरस्ता असतो, दिसायला 'संशयास्पद' असतो. लेखकाला घाई असली की समाजाच्या पूर्वग्रहांच्या गोदामातून तयार संशयित उचलता येतात, आणि शेवटी त्यांना निर्दोष सोडले तरी ते गोदाम रिकामे होत नाही. खानदेशात हे गोदाम फार जुने आहे. १८२५ मध्ये जेम्स औट्रमच्या हाताखाली इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभी केली ती भिल्लांना 'वठणीवर' आणण्याच्या धोरणाचा भाग म्हणून. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची वाट खुली झाली; तो शिक्का कायद्यातून निघायला १९५२ साल उजाडावे लागले. एकेकाळी ज्या मुलखातले आदिवासी राज्यकर्त्यांच्या संशयाचे धनी होते, त्याच मुलखात दुसऱ्या एका भटक्या समाजावर संशय कोसळावा, यातला दुर्दैवी विपर्यास मन सुन्न करणारा आहे. संशय वरून खाली उतरत जातो, आणि प्रत्येक पायरीवर त्याला आपल्याहून निराधार कोणीतरी सापडतो.

४

यावर एक आक्षेप साहजिक आहे. वाचक रहस्यकथा करमणुकीसाठी वाचतो. त्याच्या दोन घटकांच्या विरंगुळ्यावर न्यायतत्त्वाचे एवढे ओझे कशाला? शिवाय महिन्याकाठी पुस्तके लिहिणाऱ्या लेखकाकडून संशयाच्या न्याय्य वाटणीची अपेक्षा ठेवणे कितपत योग्य? आक्षेपाचा दुसरा भाग बव्हंशी खरा आहे. भरमसाट लेखनात साचे येतात, आणि साच्यात प्रथम सापडतो तो दुबळा संशयित. म्हणूनच अशा लेखनाची चिकित्सा हवी. तिला टाळण्याचे कारण म्हणून हा मुद्दा वापरता येणार नाही. पहिल्या भागाचे उत्तर चाहत्यांच्या वादातच आहे. निव्वळ करमणुकीसाठी वाचणारा माणूस आवडनिवड सांगून थांबतो. हे चाहते थांबत नाहीत. ते वर्षानुवर्षे भांडतात, दाखले देतात, एका पुस्तकाच्या आधारे दुसरे नाकारतात. चित्रपटाने कादंबरीत केलेले बदल त्यांना लबाडी वाटतात. करमणूक ही त्यांच्या लेखी इतकी गंभीर गोष्ट आहे, कारण तिच्यातून त्यांना जगाविषयीचे एक वचन मिळालेले असते. लेखकाने प्रकार बदलला की ते वचन आपण ऐकले होते तसे होते की नाही, याचा हिशेब ते मागतात.

या हिशेबात तिन्ही पक्षांचे काही ना काही येणे निघते. रहस्यकथेचा पक्ष निकाल लांबणीवर टाकण्याची शिस्त जपतो. तिच्यावाचून राईनपाडा कुठेही होऊ शकते. कायद्याबाहेरच्या नायकाचा पक्ष कायद्याच्या अपयशाची आठवण जागती ठेवतो. तिच्यावाचून १९९४ चे जळगाव हे केवळ एक जुने प्रकरण होऊन बसते. या पक्षाचा राग सच्चा आहे, पण त्याने सुचवलेला उपाय तसा नाही. 'दुनियादारी'चा पक्ष दोषात स्वतःचा वाटा मोजायला सांगतो. ज्या शहरात सोयरिकीच्या बैठकीत मुलींविषयी कुजबुज झाली, त्या शहराला छडा लावणारा कितीही चतुर गुप्तहेर पुरला नसता, कारण तेथे गुन्हेगार शोधून काढायचा नव्हता. प्रत्येकाने आपली कुजबुज आपल्या नावे लिहून घ्यायची होती. हे काम सामाजिक कादंबरीचे. वाङ्मयप्रकारांची शिडी मानणारी समीक्षा यांपैकी वरच्या पायरीवरचे एकच शहाणपण राखते आणि उरलेली दोन गमावते. तिसऱ्या पक्षाचे, म्हणजे लेखक एकच आहे असे मानणाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच अधिक सबळ ठरते. मात्र शैलीच्या एकत्वावर त्याची भिस्त नसावी. न्यायाविषयीचा कोणताही एक करार माणसाला पुरेसा नाही, आणि एका लेखकाने तीन वेगळे करार करून पाहिले, हा त्या पक्षाचा खरा आधार आहे.

धुळ्याच्या तुरुंगाची एक आठवण या संदर्भात अप्रस्तुत ठरू नये. १९३२ मध्ये तेथे बंदिवासात असताना विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि सहबंदी साने गुरुजींनी ती टिपून घेतली. श्रोते मुख्यतः सत्याग्रही होते, गुन्हेगार नव्हते, हा फरक मोठा आहे. तरीही ज्या दाराशी रहस्यकथा थांबते, त्या दाराच्या आत तेथे विचाराला आरंभ झाला होता. आणि त्या विचाराच्या मुळाशी स्वतःच्याच कृतीविषयी साशंक झालेला एक योद्धा होता. बेड्या पडल्या की रहस्यकथेतला संशय संपतो. प्रत्यक्षात संशयाचा सर्वांत अवघड भाग, म्हणजे स्वतःकडे वळलेला संशय, तेथून पुढे सुरू होतो. लेखक एका वाङ्मयप्रकारातून दुसऱ्यात का जातो, याचे एक उत्तर असे असू शकेल: जेथे एक प्रकार थांबतो तेथे त्याला थांबता येत नाही.

भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत एक खोडसाळ प्रकार नेहमी आढळत असे. पुस्तक वाचून झालेला कोणी वाचक पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात खुन्याचे नाव लिहून ठेवी. पुढच्या वाचकाला ते नाव मिळे. मग चुकण्याचे, चूक उमगण्याचे आणि शरमण्याचे कारणच त्याला उरत नसे. तो सारे पुस्तक त्या एका माणसाकडे बोट दाखवीत वाचून काढी. कधी कधी ते नाव चुकीचेही असे, निव्वळ गंमत म्हणून लिहिलेले. हे मात्र त्याला शेवटच्या पानापर्यंत पोचल्यावाचून कळत नसे.